चारशे ताटांचा हात

सावळीरामच्या हाताला एकच माप ठाऊक होतं, चारशे ताटांचं. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात, कामगारांच्या कँटीनला त्यानं बत्तीस वर्षं आचारीपण केलं. मीठ ओंजळीनं, तिखट पसाभर, कांदा तर पोत्यातूनच. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी जुने थर्मलवाले रस्त्यात भेटले की म्हणायचे, "आचारी, तुमच्या मटकीची आठवण येती हो!" आणि हा मिशीतल्या मिशीत हसायचा. पण गंमत अशी, की या बाबानं स्वतःच्या घरातला गॅस कधी पेटवला नव्हता. घरचं स्वयंपाकघर सुलाबाईचं. तिथं आचारीबुवांनी गुमान बसून जेवायचं. "मीठ जरा..." एवढं जरी तोंडातून निघालं, तरी ती असे डोळे वटारायची की पुढचे शब्द घासाबरोबर पोटात जायचे.

तर ही सुलाबाई पडली.

पडली ती फुलांपायी. तिचं माहेर पेठ रोडवरच्या डोंगराखालचं. लहानपणी आदिवासी पोरींच्या मागं मागं तिनं सगळं रान पायाखाली घातलेलं. त्यामुळे उन्हाळा लागायच्या सुमारास हिच्या अंगात यायचं. शेवग्याची फुलं, कांचनाच्या कळ्या, बहाव्याच्या पाकळ्या, जे झाड फुलेल त्याखाली ही पदर पसरून उभी. "फुलं खायला आपण काय शेळ्या हाय का गं?" असं सावळीराम दरवर्षी म्हणायचा, आणि दरवर्षी त्या भाजीबरोबर एक भाकरी जास्त खायचा. या वर्षी मार्चच्या मध्याला ती शेजारच्या चिमाजीच्या शेवग्याची फुलं काढायला हातात आकडी घेऊन स्टुलावर चढली. स्टुलाचा एक पाय आखूड होता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिला तर सगळ्यात जास्त माहीत होतं. तरी चढली. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावून तिला घरी पाठवलं.

बाहेरच्या खोलीत खिडकीशी तिची खाट टाकली. गल्लीतली भागुबाई आजारी माणसांचं करायला जायची, तिला सांगितलं. ती सकाळी आठ ते दहा यायची, अंग पुसायची, लुगडं बदलायची, बाकी जे काय लागेल ते बघायची. संध्याकाळी पाचला पुन्हा पाच मिनिटं डोकावून जायची. ती आली की सुलाबाई नवऱ्याला म्हणायची, "तुम्ही जरा चिमाजी भाऊंकडं जाऊन या." हा जायचा. का जायचं, हे कधी त्याच्या डोक्यात आलं नाही. बायकांचं काहीतरी असतं, एवढंच त्याला कळायचं.

स्वयंपाक मात्र आता त्याच्याकडं आला, आणि पहिल्याच दिवशी त्यानं मटकीची उसळ केली. हात आखडता घ्यायचा म्हणून त्यानं फक्त मोठी पातेली घेतली. त्याच्या हिशोबी ती लहानच होती. ती उसळ दोन दिवस अख्ख्या गल्लीनं खाल्ली. सुलाबाईनं खाल्ले दोन घास.

"काय गं, चांगली नाय झाली?"

"झालीय की. भूक नाय."

तिसऱ्या दिवशी पिठलं केलं, चौथ्या दिवशी वरणभात. सुलाबाईचं आपलं तेच. दोन घास, पाण्याचा एक घोट, की तोंड भिंतीकडं. आठवड्यात तिचे गाल बसले, ओठांना सालपटं आली. सावळीरामच्या तर तोंडचं पाणी पळालं. ज्याच्या हातचं खायला माणसं ताटं घेऊन रांगेत उभी राहायची, त्याच्या बायकोच्या घशाखाली त्याचा घास उतरत नव्हता.

सोमवारी लेकीचा, तेजलचा व्हिडिओ कॉल आला. ती पिंपरीला, नोकरीवाली, घरात सासूसासरे. तिनं आईचा चेहरा बघितला आणि तिचा आवाजच बदलला.

"आई, तू जेवतेस ना?"

"जेवते की."

"बाबा, फोन घ्या इकडे. आई काय खाते दिवसभरात, खरं सांगा."

सावळीरामला खोटं बोलता येत नव्हतं. त्यानं खरं सांगितलं.

"हे बघा बाबा, रविवारी मी गाडी घेऊन येते आणि आईला इकडे आणते. इकडे रात्रंदिवसाची बाई मिळते. तुम्ही मागाहून या, सध्या आमच्याकडे जागा नाही, तुम्हाला माहितीये."

"अगं पण ती इथं बरी हाय..."

"बरी कुठे आहे? उपाशी आहे ती! बाबा, रागावू नका, पण तुम्हाला जमत नाही."

सावळीरामनं खाटेकडं बघितलं. सुलाबाई छताकडं बघत होती, डोळे भरलेले. लेकीच्या घरी, व्याह्यांच्या समोर लोळागोळा होऊन पडायचं, हे तिला मरणाहून वाईट वाटत होतं. आणि त्याला? चाळीस वर्षांत ती माहेरी गेली तर दोन दिवसांच्या वर कधी राहिली नव्हती. तिच्यावाचून हे घर कसं दिसेल, ते त्याच्यानं डोळ्यांपुढं आणवेना.

"रविवारपर्यंत थांब," तो लेकीला म्हणाला. "रविवारी ती पोटभर जेवताना दिसली, तर न्यायची नाय. बोल."

"दिसू दे आधी," तेजल म्हणाली.

आता काय करावं? सावळीरामनं डोकं खाजवलं. आचाऱ्याचं डोकं, ते चवीच्या पलीकडं जातंय कुठं! त्यानं मनाशी ठरवलं, हिला माझी कँटीनची चव नको झालीय. हिला हिची चव पाहिजे. आणि हिची चव म्हणजे फुलं.

मंगळवारी सकाळी तो चिमाजीच्या दारात उभा.

"चिमाजी, शेवग्याची फुलं घेऊ का रे थोडी?"

"फुलं नेलीस तर मी शेंगा कशाच्या खाऊ, तुझ्या मिशीच्या?" चिमाजी म्हणाला. पण लगेच नरमला. वहिनी त्याच्याच झाडापायी पडल्या, याची टोचणी त्याला होतीच. "गळालेली घे. सांजच्याला झाडाखाली चादर टाकून ठेव, सकाळी तुझी फुलं तयार. झाडावरच्याला हात लावायचा नाय."

पण सावळीरामला कुठला दम! खाली पडलेली मूठभर ताजी फुलं त्यानं तेवढ्यात वेचली. दोन माणसांना अशी किती लागणार, असं त्याला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदाच तो कमी घेत होता आणि त्याचा त्याला अभिमान वाटत होता. घरी येऊन फोडणी टाकली, फुलं टाकली, सवयीनं वरून लगेच मीठ टाकलं. झाकण काढून बघतो तर काय, फुलांचा पत्ता नाही! कढईच्या तळाशी चमचाभर काहीतरी हिरवट चिकटलेलं, आणि तेही खारट ढुस्स.

"अगं, फुलं गेली कुठं?" तो स्वयंपाकघरातून ओरडला.

कितीतरी दिवसांनी बाहेरून हसू ऐकू आलं. "फुलं बसत्यात हो! टोपलीभर घेतली तर वाटीभर होती. आणि मीठ शेवटी टाकायचं, फुलं बसल्यावर. बत्तीस वर्षं काय केलं तिथं?"

सावळीराम कढई घेऊन दारात उभा राहिला. बायको त्याला हसत होती, आणि त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं ती खारट भाजी उभ्या उभ्या स्वतःच खाऊन टाकली.

त्या संध्याकाळी शेवग्याखाली जुनी चादर अंथरली. बुधवारी पहाटे ती पांढऱ्या फुलांनी भरली होती. चिमाजीच्या दुसऱ्या शेवग्याखालीही चादर टाकली होती, कारण हात अजून चारशे ताटांचाच होता. टोपली घेऊन तो खाटेशी बसला. देठ काढा, मुंग्या झटका, पाकळी चुरगळू देऊ नका, असं सुलाबाई पडल्या पडल्या सांगत होती आणि हा मान हलवत होता. फुलं धुऊन अलगद पिळली. मूगडाळ भिजवली. लसूण किती, तर चार पाकळ्या. "चारच?" "चारच. फुलांची भाजी हाय, लसणाची नाय." हिरवी मिरची दोन. कांदा नव्या उन्हाळी पिकातला, बारीक. फुलं कढईत गेल्यावर झाकण ठेवायचं आणि त्याच्याशी खेळत बसायचं नाही. शेवटी मीठ, शेवटी दाण्याचा कूट. घरभर असा वास सुटला की चिमाजी कुंपणापलीकडून ओरडू लागला, शेंगा गेल्या त्या गेल्या, निदान भाजी तरी पाठव म्हणून.

दुपारी त्यानं ताट वाढलं. बाजरीची भाकरी, फुलांची भाजी, कैरी आणि कांदा ठेचून. सुलाबाईनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. सावळीराम श्वास धरून बसला होता.

"आई करायची तशी झालीय," ती म्हणाली.

"मग खा!"

तिनं दुसरा घास घेतला. तिसरा हातात धरला, थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि ताटात ठेवून दिला. "राहू द्या. सकाळी खाईन."

"अगं, चांगली झालीय म्हणतेस आणि..."

"सकाळी खाईन म्हटलं ना." आणि तोंड भिंतीकडं.

आणि खरंच, गुरुवारी सकाळी तो दूध घेऊन आला तर काय बघतो! भागुबाई खाटेशी बसलेली, आणि सुलाबाई कालची शिळी भाजी, कालची शिळी भाकरी मिटक्या मारत खाते आहे. अख्खी भाकरी. वर तांब्याभर पाणी. तो दारातच थबकला. त्याला आनंद व्हायला पाहिजे होता, पण खरं सांगायचं तर त्याला रागच आला. म्हणजे भागूनं शिळं वाढलं तर चालतं आणि नवऱ्यानं ताजं वाढलं तर भूक नाही!

त्या दुपारी तिनं पुन्हा काही खाल्लं नाही. रात्रीही नाही. सावळीराम मनातल्या मनात धुमसत राहिला. ही शेवग्यानं ऐकत नाही, मग आता शेवटचा डाव. बहावा. बहाव्याची भाजी म्हणजे तिचा जीव की प्राण. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं ती करून घातली होती, तेव्हा त्याला वाटलं होतं बायकोला वेडबिड लागलंय.

शुक्रवारी तो बसनं देवळाली कॅम्पला गेला. कॅम्पात रस्त्याच्या कडेला बहाव्याची झाडं आहेत, हे त्याला माहीत होतं. एप्रिलचं ऊन नुसतं भाजून काढत होतं आणि झाडं मात्र पिवळी जर्द, पान दिसत नव्हतं. खाली वाकलेल्या फांद्यांचे घोस तेवढे त्यानं घेतले. एका फौजीच्या बायकोनं हिंदीत विचारलं, पूजेला नेताय का काका? "खायला," हा म्हणाला. ती बाई दोन पावलं मागं सरली.

घरी येऊन तो मागच्या दारी बसला आणि एकेक पाकळी खुडली. घोस सुलाबाईला दाखवलेच नाहीत, एकदम ताटातच बघू दे म्हणून. कांदा, लसूण, मिरची, हळद, शेवटी मीठ. आता त्याला जमायला लागलं होतं. रात्री आठला ताट घेऊन तो खाटेशी गेला, चेहरा असा की जसं बक्षीस घेऊन आलाय.

सुलाबाईनं ताटाकडं बघितलं. "हे काय?"

"वळख!"

तिनं वास घेतला. पुढच्या क्षणी तिचा चेहरा पांढरा पडला. "बहावा?"

"कॅम्पातून आणला. तुझ्यासाठी. उन्हात गेलो होतो."

"मला नको. उचला ते."

"अगं, एक घास..."

"नको म्हणते ना! उचला आधी!" आणि ती रडायलाच लागली, तोंडावर पदर घेऊन, हमसून हमसून.

मग मात्र सावळीरामचं डोकं सटकलं. एवढे दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम उसळून आलं. "भागूनं घातलं की खातेस! शिळं खातेस! आणि माझ्या हातचं म्हटलं की तुला रडू येतंय! जा मग पिंपरीला! मी पण सुटतो!" त्यानं ताट ओट्यावर आदळलं. आदळलं आणि त्याच क्षणी त्याला वाटलं, आपली जीभ झडली असती तर बरं झालं असतं. पण शब्द काय परत घेता येतात? पदराआड सुलाबाई मुसमुसत राहिली, आणि हा मागच्या दारी जाऊन बसला.

शनिवारी सकाळी भागुबाईनं तिचं सगळं काम आवरलं. जाताना स्वयंपाकघरात डोकावली. कढईत भाजी तशीच होती.

"कशाची भाजी ही, काका?"

"बहाव्याची," सावळीराम तिच्याकडं न बघता म्हणाला.

"मावशींना घातली?"

"घातली. खाल्ली नाय. तुझ्या हातचं लागतं तिला, माझं नाय."

भागुबाईनं कपाळावर हात मारला आणि ती हसत सुटली, तोंडात पदर कोंबून. "काका! अहो बहावा पोट सैल करतो की! आमच्याकडं पोराला दोन दिवस शी झाली नाय, तर बहावाच देत्यात! आणि तुम्ही तो रात्रीच्या टायमाला वाढला? मग रातच्याला मावशींना भांडं कोण देणार होतं, मी?"

"मी हाय की घरात."

भागुबाईचं हसू थांबलं. तिनं बाहेरच्या खोलीकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली घेतला. "तेच तर, काका. तुम्हाला खरंच कळलं नाय? मावशी माझ्या हातचं खात नाहीत. माझ्या टायमाला खातात."

ती गेली. सावळीराम ओट्याला टेकून तसाच उभा राहिला. आता एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढं यायला लागली. सकाळची भाकरी आणि तांब्याभर पाणी. दुपारचा एक घोट. पाच वाजताचं "चिमाजी भाऊंकडं जाऊन या." ओठांवरची सालपटं. हातात धरून खाली ठेवलेला तिसरा घास. अरे देवा, ही बाई पोट बांधून पडलीय! आपल्याला सांगायला लागू नये, आपल्याला ते भांडं उचलायला लागू नये, म्हणून तहान मारतीय, भूक मारतीय. आणि आपण काय केलं, तर तिच्या पुढ्यात बहावा ठेवला आणि वर ताट आदळलं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तो बाहेर आला. खाटेखाली दवाखान्यातून आणलेलं स्टीलचं भांडं होतं, फडक्यानं झाकलेलं. भागुबाईनं ते धुऊनच ठेवलं होतं, तरी त्यानं ते उचललं आणि मागच्या दारी मोरीवर नेलं. घासणी घेतली, पावडर घेतली, बाह्या वर केल्या आणि कँटीनचं पातेलं घासायचा तसा घासायला बसला.

"काय घासताय हो?" आतून आवाज आला.

"भांडं."

"कोणतं?"

"तुझं."

ती घाबरीघुबरी झाली, "ठेवा ते! ठेवा म्हणते! भागू करती ते!"

सावळीरामनं भांडं लख्ख धुतलं, पुसलं आणि उन्हात पालथं घातलं. हात धुऊन तो तिच्या खाटेशी येऊन बसला. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"बत्तीस वर्षं चारशे माणसांची खरकटी पातेली घासली मी," तो म्हणाला. "तुझं एवढंसं भांडं मला जड हाय का गं?"

"खरकटं येगळं. हे येगळं."

"मला टायफॉइड झाला होता. महिनाभर माझं कोणी केलं?"

"बाईनं करायचंच असतं."

"असं कुठं लिहिलंय? बाबासाहेबांनी लिहिलं का?" भिंतीवरच्या तसबिरीकडं त्यानं हात केला. चार दिवसांवर जयंती होती, गल्लीत स्पीकर लावून बघणं चाललं होतं.

सुलाबाईला हसू आलं नाही. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "लाज वाटती हो. आणि भीती वाटती. तुम्हाला शिसारी येईल. उद्या मी बरी झाले, भाकरी थापून तुमच्या ताटात वाढली, तर तुम्हाला हेच आठवंल. तुम्ही बोलणार नाय, पण घास अडकंल तुमचा."

सावळीरामनं तिचा हात हातात घेतला. दिवसाउजेडी, दार उघडं असताना त्यानं असं कधी केलं नव्हतं.

"टायफॉइड उतरल्यावर तू माझ्याबरोबर जेवायला बसलीस. तेव्हा तुला आठवलं?"

"नाय." ती थांबली. खोटं तिलाही बोलता येत नव्हतं. "एकदा आठवलं होतं."

"मग?"

"हसू आलं होतं. तुम्ही तोंडावर टॉवेल घ्यायचात. म्हणायचात, माझ्याकडं बघू नको. अहो, टॉवेल तुमच्या तोंडावर, मला सगळं दिसतच होतं की!"

आता तो हसला, आणि मग तीही हसली, रडता रडता. सावळीरामच्या खांद्यावर नेहमीसारखा टॉवेल होताच. त्यानं तो डोक्यावरून ओढून चेहरा पार झाकून घेतला. "घे. मी असाच येत जाईन. मला काय दिसायचं नाय. मग तरी जेवशील?"

सुलाबाईनं डोळे पुसले. "पाणी द्या आधी," ती म्हणाली. "घसा नुसता वाळून गेलाय."

त्यानं पेलाभर दिलं. ते गटागटा पिऊन तिनं पेला पुन्हा पुढं केला. दुसरा पेलाही रिकामा झाला.

त्या दुपारी तिनं एक भाकरी खाल्ली. रात्री म्हणाली, "तो बहावा हाय का अजून?" कालचा टाकून दिला होता, पण मागच्या दारी पाण्याच्या बादलीत दोन घोस शिल्लक होते. त्यानं ताजी भाजी केली. या खेपेला माप बरोबर आलं, बरोबर दोन माणसांचं, कारण दोघं एका ताटात जेवले. "मीठ जरा..." असं म्हणून सुलाबाईनं त्याच्याकडं बघितलं, आणि त्यानं डोळे वटारले.

रविवारी अकराच्या सुमाराला दारात गाडी थांबली. तेजल आली ती बॅग घेऊनच, रिकामी, आईचे कपडे भरायला. चेहरा ठरवून आलेला. आल्या आल्या तिनं आईच्या कपाळाला हात लावून बघितला, गालांकडं बघितलं, ओठांकडं बघितलं.

"आधी जेव," सुलाबाई म्हणाली. "तुझ्या बापानं केलंय."

तिघं खाटेभोवती जेवायला बसली. शेवग्याच्या फुलांची भाजी होती, फुलं चिमाजीनं स्वतः चादर झटकून पाठवलेली. सुलाबाईनं एक भाकरी संपवली आणि दुसरीतली अर्धी मागून घेतली. तेजल बघत होती, पण ती अशी फसणारी नव्हती.

"आई, तू माझ्यासमोर दाखवायला खातेयस. मी गेले की पुन्हा तेच. बाबा एकटे काय काय करणार? स्वयंपाक करतील, ठीक आहे. पण बाकीचं? भागूमावशी सकाळी जाते, मग दिवसभर, रात्री? बाबा, खरंच सांगते, हे तुम्हाला..."

"अहो!" सुलाबाईनं मध्येच हाक मारली. केवढ्यानं, तर चिमाजीच्या अंगणापर्यंत ऐकू गेली असेल. "भांडं आणा!"

तेजल ताटावरून उठायला लागली. "थांब आई, मी देते."

"तू बस. जेव," सुलाबाई म्हणाली. "त्यांना जमतं."

तेजल खाली बसली. तिनं बापाकडं बघितलं. मग ताट उचलून ती आपण होऊन स्वयंपाकघरात गेली. जाताना दाराशी ठेवलेली रिकामी बॅग तिनं पायानं कोपऱ्यात सारली.

सावळीराम मागच्या दारातून भांडं घेऊन आला. शब्द दिला होता म्हणून डोक्यावरून टॉवेल ओढून घेतलेला. उंबरा दिसला नाही, ठेचकाळला, भिंतीला धरून कसाबसा सावरला.

"काढा तो टॉवेल," सुलाबाई म्हणाली. "तुम्ही पण पडलात, तर भागू कोणाकोणाला उचलंल?"

त्यानं टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि दार ओढून घेतलं.